मिसिंग मारणारी गाडी आणि आपले तर्कशास्त्र

विद्या या शब्दाची व्याप्ती आपण फार आखडून घेतली आहे. जे पुस्तकात छापलेले आहे, ज्याच्यावर प्रश्नपत्रिका निघते आणि ज्याला गुण मिळतात ती विद्या. बाकी सारे हातकाम, असा एक समज आपण सर्वांनी, न बोलता, मान्य केलेला दिसतो. प्रवेश-अर्जावरचा ‘पालकांचे शिक्षण’ हा रकाना याच समजातून आलेला आहे. मी तिथे ‘इयत्ता सातवी’ असे लिहितो, आणि ते खरेही आहे. पण ज्या माणसाबद्दल मी ते लिहितो, तो गेली तीस वर्षे रोज कुठल्या ना कुठल्या बिघाडाचे कारण शोधून काढतो, ते खरे की खोटे हे पडताळतो आणि मगच पान्याला हात घालतो. या कामाला नाव काय द्यायचे, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

माझे वडील दुचाकीचे मिस्त्री आहेत. कराड-विटा रस्त्याच्या एका फाट्यावर आमची पत्र्याची शेड आहे, तेच आमचे गॅरेज. नव्या गाड्या आमच्याकडे कमी येतात. येतात त्या राजदूत, येझदी, आरएक्स हंड्रेड आणि मुख्यतः पॉइंटवाल्या जुन्या बुलेट. मद्रासला १९५५ साली एनफील्ड इंडिया निघाली, म्हैसूरला १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी बनू लागली, १९८५ साली आरएक्स हंड्रेड आली. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, आरएक्सचे उत्पादनही त्याच वर्षी थांबले. जावा आणि येझदी ही नावे अलीकडे नव्या गाड्यांवर परत दिसू लागली आहेत, पण ते यंत्र वेगळे. जुने यंत्र मात्र आमच्या भागात अजून दूध वाहते, पेंड वाहते, आणि लग्नाच्या हंगामात नवरदेवालाही वाहते.

या जुन्या गाड्यांची सर्वांत सामान्य तक्रार म्हणजे ‘मिसिंग मारते’. इंजिन एकसारखे चालत नाही. मध्येच ठोका चुकतो, गचका बसतो, सायलेन्सरमधून फटाका वाजतो, रेस सोडली की बंद पडते. तक्रार एक, पण तिची कारणे पन्नास. इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: हवा आणि पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, ते दाबले जाण्यासाठी सिलिंडरमध्ये दाब, आणि नेमक्या क्षणी ठिणगी. तिन्ही मिळाल्या तर इंजिनाला चालण्यावाचून गत्यंतर नाही, असे वडील म्हणतात. पण या तिन्हींपैकी प्रत्येकीच्या मागे पुन्हा दहा-पंधरा जागा आहेत. जेटमध्ये अडकलेला कण, मॅनिफोल्डचे फाटलेले पॅकिंग, घट्ट बसलेला टॅपेट, सैल प्लग-कॅप, जळालेला पॉइंट. यांतला कोणता, हे गाडी सांगत नाही.

इथे मिस्त्री लोकांचे दोन पंथ पडतात. एक पंथ बदलून पाहणाऱ्यांचा. प्लग बदला, नाही भागले तर कॉइल बदला, तेही नाही तर कार्बोरेटर. पाचवा भाग बदलल्यावर गाडी चालली, तर पाचही भागांचे बिल गिऱ्हाइकाला, आणि दोष नेमका कशात होता हे ना गिऱ्हाइकाला कळले ना मिस्त्रीला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, तशी ही दुरुस्ती. दुसरा पंथ आधी निदान करणाऱ्यांचा. हा पंथ दिवसेंदिवस आटत चालला आहे, आणि त्याचे मला खरोखर वाईट वाटते. कारण पहिल्या पंथाचा सारा खर्च शेवटी ज्याच्याकडे जुनी गाडी आहे त्याला, म्हणजे बहुधा गरिबाला, सोसावा लागतो.

गेल्या उन्हाळ्यात एका दूधवाल्याची १९८९ सालची बुलेट आमच्याकडे आली. टेम्पोत घालूनच आणली होती. सकाळी दुसऱ्या किकला सुरू व्हायची, गावातून निघताना नीट चालायची, पण सुर्ली घाट चढू लागली की मिसिंग सुरू, आणि वरच्या वळणापर्यंत बंद. पंधरा-वीस मिनिटे उभी केली की जणू काही झालेच नाही. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन बांधलेला माणूस रोज उन्हात घाटात उभा राहिला तर दुधाचे काय होणार हे सांगायला नको. आधी त्याने दुसऱ्या एका ठिकाणी गाडी दाखवली होती. तिथे प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, मग कार्बोरेटरच नवा घातला. तरी फरक पडेना तेव्हा सांगण्यात आले, की आता इंजिन खोलावे लागेल, बोअर-पिस्टनचा खर्च धरा. तो आकडा ऐकून माणूस आमच्याकडे आला.

वडिलांनी गाडीला हातच लावला नाही. आधी चहा सांगितला आणि प्रश्न विचारायला बसले. “पावणं, वजन असलं तरच बंद पडती, का मोकळी असतानाबी? टाकी भरलेली असताना जास्ती, का खाली असताना? आधी गचके खाती मग बंद पडती, का बटण दाबल्यासारखी एकदम? आन् सपाटीला तेवढीच लांब नेली तर?” शेवटच्या प्रश्नाचे उत्तर दूधवाल्याला देता येईना, कारण त्याची रोजची वाट घाटातूनच होती. मग वडील स्वतः गाडी घेऊन सपाट रस्त्याने निघाले, मागे मी आमच्या गाडीवर. सात-आठ किलोमीटरवर तीही तशीच बंद पडली. म्हणजे घाट सुटला, वजनही सुटले. उरले ते तापणे, किंवा नुसता वेळ.

पुढची पाच मिनिटे मला आजही जशीच्या तशी आठवतात. गाडी बंद पडताच त्यांनी प्रथम पेट्रोल टाकीचे झाकण उघडले. झाकणाला हवेसाठी एक बारीक भोक असते. ते बुजले तर पेट्रोल खाली उतरेल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरायचेच थांबते. अशी गाडीही काही किलोमीटर चालून बंद पडते आणि थोडा वेळ थांबून पुन्हा सुरू होते. वरकरणी दोन्ही दुखण्यांची लक्षणे हुबेहूब सारखी! पण झाकण उघडून किक मारली तरी गाडी सुरू झाली नाही. म्हणजे ते कारण गेले. मग प्लग काढला. तो पेट्रोलने ओला होता. म्हणजे पेट्रोल पोचत होते, ठिणगीच त्याला पेटवत नव्हती. किकला दाब चांगला लागत होता, म्हणजे बोअर-पिस्टन बिचारे निर्दोष. प्लग हेडला टेकवून मला किक मारायला सांगितले. निळी, कडकडीत ठिणगी पडायला हवी, तिथे पिवळट आणि मरगळलेली पडत होती. मग पॉइंटचे झाकण काढले. पॉइंट उघडताना त्यांच्या फटीतच लखलख ठिणग्या उडत होत्या. वडील हसले. शेजारच्या ओढ्यात फडके भिजवून त्यांनी ते कंडेन्सरवर धरले, दोन मिनिटे थांबले, आणि गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली.

कंडेन्सर म्हणजे बोटाच्या पेराएवढी एक डबी. पॉइंट उघडतो तेव्हा वाहणारी वीज फटीतून उडी मारू पाहते. ती उडी कंडेन्सर थोपवतो, त्यामुळे कॉइलमधला प्रवाह एकदम तुटतो आणि त्या एकदम तुटण्यातूनच प्लगला मोठी ठिणगी मिळते. आतले आवरण जुने झाले की गार असताना कंडेन्सर काम देतो आणि तापला की दगा देतो. मग वीज पॉइंटवरच नासते, पॉइंटही जळतात. नुसते पॉइंट घासून दिले असते तर चार दिवस गाडी बरी चालली असती आणि पुन्हा घाटात उभी राहिली असती. परिणामाला कारण समजून केलेल्या इलाजाचे असेच होते.

नवा कंडेन्सर बसवला, फिलर गेज लावून पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या मध्ये आणली, आणि गाडी घाट चढून उतरून आली. कुणीही इथे हात धुतले असते. वडिलांनी मात्र जुना कंडेन्सर परत बसवला, पुन्हा आठ किलोमीटर गेले आणि गाडी पुन्हा बंद पाडली. पेट्रोल आमचेच जळत होते. असे का, म्हणून मी विचारले, तर म्हणाले, “नवा घातल्यावर चालली हे खरं. पण घालताना मी वायरबी हलवली, पॉइंटबी पुसला. मग गुण कुणाचा म्हणायचा?”

वाचक मित्रहो, तर्कशास्त्राच्या तासाला आपण जॉन स्टुअर्ट मिलच्या पद्धती शिकतो. त्याचा ग्रंथ १८४३ सालचा. बाकी सारी परिस्थिती तीच ठेवून एकच गोष्ट काढली आणि परिणाम नाहीसा झाला, तर त्या गोष्टीचा कारणाशी संबंध आहे, ही त्यातली व्यतिरेक पद्धती. आम्ही ती पाच गुणांच्या टीपेसाठी पाठ केली. ‘उदाहरण द्या’ असे आले की गाइडमधले उदाहरण लिहितो; माझ्या वर्गात निम्म्यांचे उदाहरण शब्दशः एकच होते. सातवी शिकलेल्या मिस्त्रीने मात्र, परीक्षा नसताना, कुणी बघत नसताना, पदरचे पेट्रोल घालून दोष परत आणून दाखवला. माझ्या मते शास्त्रीय वृत्ती म्हणतात ती हीच. उत्तर मिळाल्यावर थांबणे सोपे असते. मिळालेल्या उत्तरावरच संशय घेणे कठीण.

मिलच्या बाकीच्या पद्धतीही शेडमध्ये सापडतात. मिसिंग कुठल्या रेसला येते ते पाहून कार्बोरेटरचा कुठला भाग तपासायचा ते ठरते: रेस सोडल्यावर येत असेल तर बारीक जेट, मधल्या रेसला सुई, पूर्ण रेसला मोठा जेट. रेस बदलेल तसा दोष बदलतो, त्यावरून कारण गाठायचे. पुस्तकात याला सहपरिवर्तन म्हणतात. मॅनिफोल्डमधून हवा शिरते अशी शंका आली, तर चालू इंजिनाच्या जोडावर तेलाचे दोन थेंब सोडायचे. आवाज बदलला, तर हवा तिथूनच जाते. आणि धूर! न्यायदर्शनात डोंगरावरच्या धुरावरून अग्नीचे अनुमान सांगितले आहे. आमच्याकडे सायलेन्सरच्या धुरावरून होते. निळसर धूर असेल तर ऑइल जळते, काळा असेल तर पेट्रोल जास्त, आणि थंडीच्या सकाळी पांढरा दिसला तर घाबरू नका, ती बहुधा वाफ असते. (अनुमानात हेत्वाभास कसा शिरतो, याचे उदाहरण म्हणून हा पांढरा धूर पाठ्यपुस्तकात घालायला हरकत नाही.)

आमच्या एका सरांनी मला रॉबर्ट पर्सिग या अमेरिकन लेखकाचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स’ हे १९७४ सालचे पुस्तक वाचायला दिले. शब्दकोश शेजारी ठेवून मी ते दोन महिन्यांत वाचले. सगळे कळले असे म्हणणार नाही. मुलाला मागे बसवून मोटारसायकलवर केलेला लांबचा प्रवास, आणि त्याच्या जोडीने मूल्ये म्हणजे काय, याचा विचार. त्यात एक प्रसंग आहे. मित्राच्या महागड्या गाडीचे हँडल सैल झालेले असते. लेखक सुचवतो, की बियरच्या डब्याचा पत्रा कापून मध्ये घाल, उत्तम बसेल. मित्राला तो अपमान वाटतो. हे वाचून मला हसू आले, कारण आमच्या शेडमध्ये असे पत्रे एका डब्यात जपून ठेवलेले असतात. पण मग मनात आले: हाच विचार अमेरिकन माणसाने इंग्रजीत लिहिला की ते तत्त्वज्ञान होते आणि त्याच्यावर चर्चासत्र भरते, आमचा मिस्त्री तोच विचार हाताने करतो तेव्हा ते ‘अनुभवाने येते हो’ म्हणून सोडून दिले जाते. पर्सिगचे श्रेय मी कमी करीत नाही. त्याने निदान लिहून तरी ठेवले. आमच्याकडे ते लिहिणार कोण? लिहिता येणारी आम्ही मुले तर त्या शेडपासून दूर जाण्यासाठीच शिकतो आहोत.

यावर कुणी म्हणेल, की हा सारा सरावाचा भाग आहे, ज्ञानाचा नव्हे. कंडेन्सर तापल्यावर का बिघडतो हे तुझ्या वडिलांना सांगता येईल का? नाही सांगता येणार. ती बाजू मी मोकळेपणी मान्य करतो. ते मला भौतिकशास्त्र शिकलेल्या मित्राकडून समजून घ्यावे लागले. मिस्त्रीच्या विद्येला मर्यादा आहेत, आणि कधीकधी तीही पूर्वग्रहाच्या खड्ड्यात रुतते.

इथेनॉलचेच पाहा. देशात २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला गेला. तशा पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्या २०२३ पासून येऊ लागल्या. आमच्याकडे येणाऱ्या त्याच्या कितीतरी आधीच्या. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी फार झाले की ते आणि इथेनॉल मिळून वेगळे होते आणि टाकीच्या तळाशी बसते. जुन्या प्रकारचे रबर त्यात फुगू शकते. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या जेटला मिश्रण थोडे पातळ पडते. हे सारे खरे. पण तेव्हापासून वडिलांच्या तोंडी एकच पालुपद बसले: गाडी कशानेही बिघडो, ‘इथेनॉल, दुसरं काय!’ मी त्यांना त्यांचाच प्रश्न विचारला: गुण कुणाचा, तसा दोष कुणाचा म्हणायचा? दिवाळीच्या सुटीत आम्ही एक वही घातली. गाडी, तक्रार, काय तपासले, काय निघाले. काही टाक्यांच्या तळाशी खरोखर पाणी निघाले, काही कॉकचे रबर फुगलेले निघाले. पण कितीतरी गाड्यांत सैल प्लग-कॅप, चुकीचे टॅपेट आणि फाटके पॅकिंग, हे जुनेच सोबती होते. वही वाचून वडील काही वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “म्हणजे निम्मं पाप त्याच्या माथी उगंच मारलं.” ज्या उसाच्या जिवावर आमचा तालुका उभा आहे, त्याच उसापासून हे इथेनॉल निघते, तेव्हा त्याच्यावर खोटा आळ येऊ नये, यात आमचाही थोडा स्वार्थ म्हणा.

ती वही मला फार महत्त्वाची वाटते. शेडकडे पद्धत होती, नोंद नव्हती. महाविद्यालयाकडे नोंद आहे, पण पद्धत बहुतेक वेळा वहीतच राहते.

जुन्या गाड्या काय, आज आहेत उद्या नाहीत, मग या विद्येचा उपयोग काय, असाही एक आक्षेप येईल. १ एप्रिल २०२० पासून बीएस सहाच्या गाड्या आल्या, कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले, आणि माझा थोरला भाऊ आता स्कॅनर जोडून दोषाचा क्रमांक वाचतो. पण स्कॅनर ‘मिश्रण पातळ’ एवढेच सांगतो. हवा कुठून शिरते म्हणून पातळ, की पंप दुबळा म्हणून, की पेट्रोलच खराब म्हणून, ते शोधायला भावाला शेवटी वडिलांसारखेच प्रश्न विचारत बसावे लागते. कुठे दुखते हे रोग्याने सांगितले म्हणून वैद्याची गरज संपत नाही. क्रमांक दिसताच सेन्सर बदलून मोकळे होणारे आहेतच. बदलून पाहणाऱ्यांचा पंथ स्कॅनरमुळे आणखी महाग झाला, इतकेच.

नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्र-प्रकल्प आला आहे, भारतीय ज्ञान प्रणाली आली आहे, कौशल्याचे अभ्यासक्रम आले आहेत. क्षेत्र-प्रकल्पाचे काय होते ते आपण सारे जाणतो: झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतो, नाव बदलले की झाले. भारतीय ज्ञान प्रणाली म्हणजे जे दोन हजार वर्षांपूर्वीचे तेच, असे आपण परस्पर ठरवून टाकले आहे. काल दुपारी फाट्यावर एका मिस्त्रीने केलेले अनुमान त्यात बसत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या भागातली आपण मुले. ‘कमवा आणि शिका’ योजनेवर आपल्यातले कितीतरी शिकतात. पण कमावण्याचे काम आणि शिकण्याचे काम यांच्यामध्ये आपण भिंत घातली. सकाळी बागेत पाणी घालायचे आणि अकराला वर्गात बसायचे. सकाळच्या कामात शिकण्यासारखे काही असेल, असे कुणी विचारत नाही.

माझी सूचना लहान आहे. तत्त्वज्ञान विभागाने यंदा क्षेत्र-प्रकल्पासाठी पाच-सहा विद्यार्थ्यांना गॅरेजमध्ये, विहिरीच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याकडे, घड्याळजीकडे महिनाभर बसवावे. पाना हातात घ्यायचा नाही. मिस्त्री कोणते प्रश्न विचारतो, कशावरून कोणते कारण वगळतो, आणि खात्री कशी करून घेतो, एवढेच त्याच्या शब्दांत उतरवून आणायचे. अशी टिपणे झेरॉक्सच्या दुकानात मिळणार नाहीत. दुसरी सूचना अशी, की व्यतिरेक पद्धतीच्या तासाला एखाद्या मिस्त्रीलाच वर्गात बोलवावे. फळ्याजवळ एक बुलेट उभी करायला जागा पुरेल. सरांशी बोलणे झाले आहे, ते अनुकूल आहेत. वडिलांनाही मी विचारले. कॉलेजात बोलायचे म्हणताच ते बराच वेळ हात पुसत राहिले, मग म्हणाले, “येतो की. पण गुरुवार सोडून सांग तुझ्या सरास्नी. गुरुवारी आपल्याकडं बाजार असतो.”